वळून पाहणारं हरीण

१

चार वाजले की अप्पांना चहा लागायचा, आणि चहा पोटात गेला की त्यांना हरणं आठवायची. यात कधी खाडा नाही. मागच्या खोलीतली खिडकीजवळची खुर्ची, मांडीवर राजनची पक्षी बघायची दुर्बीण, बशीत खारी, आणि मग, "मीनल, सिवाण्याच्या डोंगरात एकदा काय झालं माहितेय का?"

"सांगा ना," मीनल लॅपटॉपवरची नजर न हलवता म्हणायची. ऑफिस घरीच आलेलं, त्यात सासऱ्यांची शिकारही घरी आली, एवढाच काय तो फरक.

अप्पा म्हणजे गुरुनाथराव, राजनचे वडील, भूजल खात्यातून निवृत्त झालेले. तरुणपणी राजस्थानातल्या वाळवंटी डोंगरांत बोअर घेत त्यांनी वर्षं काढली होती. शिकारबंदीचा कायदा तेव्हा यायचा होता. घरी सोवळ्यातलं जेवणारा हा माणूस तंबूत मात्र चिंकाऱ्याच्या रश्श्यावर आडवा हात मारायचा, आणि हे गुपित त्यांनी बायको जाईपर्यंत जपलं होतं. त्या फेब्रुवारीत ते तीन महिन्यांसाठी म्हणून पुण्याहून लेकाकडे नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नला आले आणि मार्चमध्ये जगानेच दार लावून घेतलं.

खिडकीबाहेर बघण्यासारखं तसं काही नव्हतं. घरामागे कालवा, त्यापलीकडे सपाट कुरण, कुरणाच्या टोकाला नदीचा बांध. एरवी डोक्यावरून स्खिपोल विमानतळाची विमानं इतकी खाली जायची की बोलणं थांबवावं लागे. आता विमानंही नव्हती. एप्रिल कोरडा ठणठणीत होता, आकाश निळंशार, आणि इतकी शांतता की कालव्यातल्या बदकाने पंख झटकले तरी दचकायला व्हायचं.

मग राजनला ताप आला. हाउसआर्ट्स, म्हणजे इथले फॅमिली डॉक्टर, फोनवरून रोज तेच सांगत राहिले, पॅरासिटामॉल घ्या, वाट बघा. वाट बघता बघता एका सकाळी त्याला धड वाक्य पुरं करता येईना, आणि अँब्युलन्स आली. तो स्वतः चालत बाहेर पडला. दारात त्याचा चार्जर राहिलेला मीनलला दिसला. ती "रा..." एवढं म्हणते न म्हणते तोच अप्पांनी तिचं मनगट धरलं.

"मागून हाक मारायची नाही."

या घरात तो कायदाच होता. निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, कुठे चाललास विचारायचं नाही. मीनललाही लग्नानंतर त्याची सवय लागली होती. ती चप्पल न घालता धावली, अँब्युलन्सवाल्यांना मागे टाकून पुढे गेली आणि समोरून त्याच्या हातात चार्जर दिला. अंतर पाळलं नाही म्हणून अँब्युलन्सवाली बाई तिच्यावर खेकसली. मास्कच्या वर राजनचे डोळे मात्र हसले.

दुसऱ्याच दिवशी त्याला झोपवून नळी घातली.

२

आता घरात दोघंच, तीही बारीक तापाने कोंडलेली. नीलांबरी नावाची तिची मैत्रीण दारात भाजी, दूध ठेवून जायची आणि लांबून हात हलवायची. जीव टांगणीला लागला होता. तरी चार वाजले की मीनल चहा टाकायची, कारण दुसरं करायचं काय?

"सांगा अप्पा," आता ती स्वतःहून म्हणायची. लॅपटॉप मिटून समोर बसायची.

अप्पांनाही बोलायचंच होतं. ते म्हणाले, "पळतं हरीण मरत नाही गं. तू कितीही नेमबाज अस. ते मुरमाड उतारावरून असं चढतं की बघत राहावं. पण माथ्यावर पोचलं, पलीकडे उतरणार, त्या घडीला त्याला राहवत नाही. ते थांबतं आणि वळून बघतं. मरतं ते वळून बघणारं."

"आणि नाही वळलं तर?"

"तर त्याला वळवायचं. आमचा जयप्रकाश होता ना, कोल्हापूरचा, माझ्याबरोबर ड्रिलिंगला. तो भारी बेरकी. आधी शीळ घालायचा. शिळेला नाही थांबलं तर पाडसाचा आवाज काढायचा. हुबेहूब! पाडस अडकलंय, आईला बोलावतंय, असा. आपल्या माणसाचा आवाज आला की कोण थांबणार नाही?"

"काय दुष्ट माणूस हो!"

"दुष्ट कसला, भूक लागायची," अप्पा हसले. मग खारी चहात बुडवून विसरलेच. "पण एक मादी आठवते मला. सकाळपासून तिच्या मागावर होतो. माथ्यापाशी पोचली, जयप्रकाशने पाडसाचा आवाज काढला. तिचा कान हलला, पण मान नाही वळवली. गेली सरळ पलीकडे. आम्ही धापा टाकत वर जाऊन बघतो तर खाली ती आणि तिच्या पुढे तिचं पाडस, दोघं सुसाट चाललेत. तिला ठाऊक होतं, पोर आपल्या पुढ्यात आहे, मागचा आवाज खोटा. जयप्रकाश शिव्या देत बसला. मला मात्र इतका आनंद झाला म्हणून सांगू! एवढ्या शिकारी केल्या, पण लक्षात राहिली ती तीच."

मीनलला त्या दिवशी पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

३

पुढे एके दिवशी अप्पा चहा प्यायले आणि बोललेच नाहीत. दुर्बीण डोळ्यांना लावून बसून राहिले.

"आज हरणं रजेवर वाटतं?" मीनलने चेष्टा केली.

"हळू बोल," अप्पा म्हणाले. "डाव्या अंगाला, खडकाच्या सावलीत कोणीतरी बसलंय."

मीनलने बाहेर पाहिलं. कुरण. गाई. बांध. खडक म्हणे! या देशात औषधालाही दगड मिळायचा नाही.

"कोण बसलंय अप्पा?"

"दिसत नाही नीट. बसायची पद्धत ओळखीची आहे, शिकाऱ्याची. वाऱ्याकडे तोंड करून, गुडघ्यावर कोपर टेकून. घाई नसलेला माणूस आहे."

मीनलने त्यांच्याकडे पाहिलं. एकुलता एक मुलगा तिकडे नळ्यांमध्ये, वय सत्त्याहत्तर, त्यात हे कोंडून राहणं. डोकं फिरायला आणखी काय लागतं? तिने त्यांची साखर तपासली, ती ठीक होती. वार, महिना, सुनेचं माहेरचं नाव विचारून झालं.

"मला वेड नाही लागलेलं," अप्पा शांतपणे म्हणाले. "लागलं असतं तर बरं झालं असतं."

दुसऱ्या सकाळी केर काढताना खिडकीच्या कट्ट्यावर तिच्या बोटांना काहीतरी कचकचलं. तांबूस, जाडसर खडे होते. मुरूम. पुण्यात घराच्या पायाशी पसरतात तसला. सहारातली धूळ युरोपात येते, हे तिने बातम्यांत वाचलं होतं. पण धूळ येते, खडे नाहीत. बाजूला कुठे बांधकाम असेल. पण आसपास एकही बांधकाम चालू नव्हतं. मग अप्पांच्या जुन्या बुटांतून पडले असतील. तिने ते कागदावर गोळा करून कचऱ्यात टाकले, हात दोनदा धुतले आणि मीटिंगला बसली.

मीटिंगमध्ये कोणीतरी विचारलं, तुझ्याकडे हा कसला आवाज येतोय? तिने हेडफोन काढून कान दिला. मागच्या बाजूने, लांबून, उतारावरून खडे घरंगळावेत तसा आवाज येत होता. थांबायचा, आणि पुन्हा यायचा, जणू कोणी एकेक पाऊल टाकत चढत होतं.

४

त्या दिवशी चार वाजता ती गप्प राहिली नाही. "द्या बघू इकडे," म्हणत तिने दुर्बीण घेतली. म्हाताऱ्या माणसाच्या मनातली भीती एकदा आपण डोळ्यांनी बघून खोटी पाडावी, एवढाच तिचा हेतू होता.

आधी सगळं धूसर दिसलं. तिने मधलं चाक फिरवलं. बांध असायला हवा होता तिथे चढ होता. उन्हाने भाजलेला, तांबडा, काटेरी झुडपांचा. वर, खूप वर, खडकांची धार आणि तिच्यामागे पांढरं पडलेलं आभाळ.

त्या चढावर एक माणूस चालला होता. पाठमोरा. अंगात करडा स्वेटर, उजवा खांदा किंचित खाली. बारा वर्षं तिने त्या खांद्यावर डोकं ठेवलं होतं. तो दमत होता. दोन पावलं टाकायचा, गुडघ्यावर हात ठेवायचा, पुन्हा दोन पावलं टाकायचा. धार आता फार लांब नव्हती.

आणि खाली डावीकडे, खडकाच्या सावलीत, एक गुडघा आणि त्यावर टेकलेलं कोपर. तेवढंच तिला दिसलं.

"बोलू नकोस," अप्पा तिच्या कानाशी पुटपुटले. "दिसला ना तुला?"

तिने दुर्बीण खाली केली. कुरणात गाई चरत होत्या.

"भास आहे हा," ती म्हणाली. "दोघांनाही ताप येऊन गेलाय, झोप नाही, अन्न नाही. अप्पा, हा भास आहे."

"असेल," अप्पा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. "पण तो वळता कामा नये, मीनल. पलीकडे उतरला की सुटला. काहीही झालं तरी त्याने वळता कामा नये."

५

हॉस्पिटलमधून फोन आला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. भेटायला येता येणार नव्हतं, पण टॅबलेटवर दाखवतो म्हणाले. आवाजावरूनच मीनल काय ते समजली. असं कोणालाही उगाच दाखवत नाहीत.

पडद्यावर आधी निळा प्लास्टिकचा झगा, मग नर्सचे थकलेले डोळे, मग राजन. पालथा झोपवलेला, गाल उशीत दबलेला. यंत्राचा फुस्स, फुस्स असा आवाज.

"त्याच्याशी बोला," नर्स इंग्रजीत म्हणाली. फार मायाळू बाई होती. "नावाने हाक मारा. झोपेतही ऐकू जातं. कधीकधी आपल्या माणसाच्या आवाजाने फरक पडतो."

मीनलने श्वास घेतला. किती बोलायचं होतं तिला! चिडायचं होतं, लाडाने बोलवायचं होतं, नुसतं राजन, राजन म्हणत राहायचं होतं. तिने वर पाहिलं. खिडकीत अप्पा उभे होते, एका हातात दुर्बीण, दुसरा हात तिच्याकडे पसरलेला. ते मान हलवत होते. नको. नको.

"सावलीतलं ते उठून उभं राहिलंय," ते म्हणाले. आवाज असा नव्हताच, नुसते ओठ हलले. "राजन माथ्यावर आहे. आता नको."

"अप्पा, माझा नवरा आहे तो!" फोनवर हात ठेवून ती दबक्या आवाजात ओरडली. "उद्या तो नसला तर? मी त्याच्याशी एक शब्दही बोलले नाही, हे घेऊन कशी जगू मी?"

"माझाही मुलगा आहे गं," अप्पा म्हणाले. बस्स, एवढंच.

कोणत्या शहाण्या बाईने अशा वेळी तोंड मिटून घेतलं असतं? मीनलला पुढे कधीही ते कोणाला समजावून सांगता आलं नाही. एवढंच खरं की खिडकीबाहेर, त्या भर दुपारी, खडे घरंगळल्याचा आवाज आला आणि थांबला. तिने हात काढला, पडद्याजवळ तोंड नेलं आणि ओठ घट्ट मिटून त्याच्याकडे बघत राहिली.

"काही बोलायचं नाही का तुम्हाला?" नर्सने हळूच विचारलं.

तिने मानेनेच नाही म्हटलं. नर्सच्या डोळ्यांत कीव आली, ती तिला सहन झाली नाही.

पडदा काळा झाल्यावर अप्पा मटकन खुर्चीत बसले. "गेला," ते म्हणाले. "पलीकडे गेला."

मीनलने दुर्बीण त्यांच्या हातून हिसकावून भिंतीवर फेकली. तुमच्या हरणांपायी, तुमच्या हरणांपायी, असं म्हणत ती जमिनीवर बसून रडली, आणि अप्पांनी ते सगळं ऐकून घेतलं. संध्याकाळी फोन वाजला तेव्हा तो उचलायला दोघांतलं कोणी धजेना. शेवटी अप्पांनी उचलला आणि इंग्रजी कळत असूनही तिच्याकडे दिला.

राजनच्या रक्तातला ऑक्सिजन वाढला होता. दुपारपासूनच. असंच चाललं तर नळी काढू, डॉक्टर म्हणाले.

६

मेच्या शेवटी राजन घरी आला. अंगावर मांस म्हणून नव्हतं, आणि नळीने घसा असा सोलवटला होता की आवाजाच्या नावाने नुसती घरघर. पण घरी आला. मीनलने गोडाचा शिरा केला आणि तो दोन चमचे खाऊनच दमला. अप्पांनी खिडकीतली खुर्ची उचलून पुढच्या खोलीत ठेवली. शिकारीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नव्हतं. संध्याकाळी फिरायला मात्र बांधावर जायचे, माणसात आल्यासारखं वाटतं म्हणून.

अशाच एका संध्याकाळी, अप्पा फिरायला गेलेले, ऊन अजून चांगलं वर. मागच्या खोलीत ती दोघं बसली होती.

"किती हाका मारत होतीस गं," राजन घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"कधी?"

"झोपेत होतो तेव्हा. मी कुठेतरी चढत होतो, आणि तू मागून सारखी राजन, राजन. रडत होतीस. एकदा तर म्हणालीस, पडले रे, उचल मला. पाय निघेना माझा."

मीनलच्या हातातलं पांघरूण घडी घालता घालता तसंच राहिलं.

"मग?" ती म्हणाली.

"मग वाटलं, ही मीनल कशी असेल? मीनल मागून हाक मारत नाही. ती चप्पल न घालता धावत पुढे येईल." तो हसला, त्याला ठसका लागला. "म्हणून नाही वळलो. बरोबर केलं ना?"

"राजन, मी एक शब्दही बोलले नव्हते. आपल्या घरातून कोणीच बोललं नव्हतं."

आणि तेवढ्यात बाहेरून, कुरणाकडून, हाक आली. स्वच्छ, जरा काळजीची, रोज जेवायला बोलावताना असते तशी.

"अप्पाऽ! अहो अप्पाऽ!"

मीनलचा आवाज होता. राजनची नजर तिच्या मिटलेल्या ओठांवर खिळली.

७

ती खिडकीशी धावली. बांधावर अप्पा दिसत होते, पाठमोरे, काठी टेकत चाललेले. हाक पुन्हा आली. अप्पांची पावलं थांबली.

मीनलने खिडकी उघडली, तोंड उघडलं आणि तशीच उभी राहिली. वळू नका, हे सांगायचं तरी कसं? सांगायचं म्हणजे मागून हाकच मारायची.

अप्पा वळले नाहीत. चाचपडत बाजूच्या बाकापाशी गेले आणि नदीकडे तोंड करून बसले. मीनलला कळलं. मागून हाक आलीच तर माणसाने बसावं, घोटभर पाणी प्यावं, मग पुढचं बघावं. सासूबाई असताना त्या लगेच पाण्याचा पेला घेऊन यायच्या.

तिने पेला भरला. "तू इथेच थांब, खिडकीतून हलू नकोस," असं राजनला बजावून ती निघाली. कालव्यावरचा लाकडी पूल, मग कुरणातली पायवाट. पेल्यातलं पाणी हिंदकळून अर्धं सांडलं. तिच्या उजव्या-डाव्या बाजूला काही होतं की नव्हतं, तिने पाहिलं नाही. पायाखाली गवत होतं, पण पावलं कचकच वाजत होती.

ती बाकाला वळसा घालून अप्पांच्या समोर गेली. पेला पुढे केला.

"मीच आहे, अप्पा. प्या."

अप्पांनी तिच्या चेहऱ्याकडे डोळे भरून पाहिलं. "आलीस होय," म्हणाले. मग त्यांची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे गेली, नदीकडे, आणि तिथेच थांबली. जुन्या शिकाऱ्याची नजर, पापणी न लवणारी.

"मीनल," ते हळूच म्हणाले, "आता तूही वळू नकोस."

तिला समोर दिसत होतं ते घर. कुरणापलीकडे, कालव्याच्या काठाला, त्यांची खिडकी उघडी. खिडकीत राजन, दोन्ही हातांनी चौकट धरून उभा. लुकडा, केविलवाणा, तोंड मिटलेला.

आणि तिच्या पाठीमागून, नदीच्या काठाकडून, राजनने हाक मारली. आजारपणाआधीच्या त्या भरदार आवाजात, जो आता कधी ऐकायला मिळणार नाही असं तिला वाटलं होतं.

"मीनल! अगं मीनल!"

तिची मान वळायला लागली होती. अप्पांनी पेल्यासकट तिचा हात धरला आणि पेला तिच्याच ओठांना लावला. "आधी तू पी," ते म्हणाले. "राजन कुठे आहे ते बघ. समोर आहे ना? मग बाकीचं खोटं. घर तुझ्या समोर आहे, पोरी. सरळ चालत सुट."

ती पाणी प्यायली. "आणि तुम्ही?"

अप्पांनी नदीवरची नजर काढली नाही. त्यांचं घर त्यांच्या पाठीमागे होतं. वळल्याशिवाय ते त्यांना दिसणारही नव्हतं.

"मी नाही जाणार," मीनल म्हणाली. तिने पेला गवतात टाकला, गुडघे टेकून त्यांच्या पुढ्यात बसली आणि त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले. "माझ्याकडे बघा, अप्पा. फक्त माझ्याकडे."

अप्पा तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या पाठीमागून तिचा आवाज त्यांना बोलावत होता, तिच्या पाठीमागून राजनचा तिला, आणि दोन्ही हाका हळूहळू जवळ येत होत्या.